वीज गेल्यावरचे तास

२०१९ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा कोणताही सांगलीकर विसरू शकणार नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली होती आणि पुढे ती ५७ फुटांच्याही वर जाणार होती. त्या संध्याकाळी मात्र ते कोणालाच ठाऊक नव्हते. आमचे घर गावभागात, दुकान गणपती पेठेत. दिवसभर दुकानातील माल माळ्यावर चढवण्यात गेला. मी घरी आलो तेव्हा पाणी आमच्या उंबऱ्यापासून दोन गल्ल्या दूर होते. पावणेआठच्या सुमारास, खबरदारी म्हणून, आमच्या भागातील वीज बंद करण्यात आली.

आप्पा तेव्हा ७८ वर्षांचे होते. फुप्फुसांच्या जुन्या विकारामुळे त्यांना दीड वर्षापासून घरीच ऑक्सिजन चालू होता. ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, प्रवाह मिनिटाला २ लिटर, असे डॉक्टरांनी लिहून दिलेले. इन्व्हर्टर आपोआप सुरू झाला, यंत्राची घरघर पूर्ववत झाली आणि आम्ही निर्धास्त झालो. चार वर्षांपूर्वी इन्व्हर्टर बसवून देणाऱ्या दुकानदाराचे शब्द माझ्या कानांत होते : "शेठ, सहा तास बघायला नको." त्याच इन्व्हर्टरवर दोन पंखे, चार दिवे, दूरचित्रवाणी आणि कॅमेऱ्यांची पेटीही चालू होती. पुराच्या बातम्या पाहायच्या होत्या ना!

सव्वा तासही झाला नसेल. नऊच्या सुमारास इन्व्हर्टरने शिट्टी दिली आणि लगेच सारे थांबले. कॉन्सन्ट्रेटरच्या धोक्याच्या घंटेचा आवाज त्या अंधारात किती मोठा वाटला ते लिहून सांगता येणार नाही. घरात एक छोटा सिलिंडर होता, परंतु त्याची चावी सापडेना. सौभाग्यवती मेणबत्ती घेऊन धावल्या, तेव्हा आप्पाच हाताने खुणावू लागले, की ज्योत जवळ आणू नका. चावी अखेर माळ्यावर, जुन्या चोपड्यांच्या ट्रंकेत सापडली. तेवढ्या दहा-बारा मिनिटांत आप्पांच्या ओठांचा रंग पालटला होता.

सिलिंडरचा काटा १०० वर होता. आकडा दिसत होता, पण त्याचा अर्थ किती तास, हे घरात एकालाही सांगता येईना. पहाटे चार वाजता शेजारच्या मुलांनी ट्रॅक्टरची ट्रॉली आणली. विश्रामबागेत धाकट्या बहिणीच्या घरी वीज होती. तिथे पोहोचून यंत्र सुरू केले तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटे होती आणि सिलिंडरचा काटा शून्याला टेकत आला होता.

नंतर मी हिशेब मांडला. आमचा सिलिंडर ज्याला बाजारात बी टाइप म्हणतात तो, म्हणजे १० लिटर पाण्याच्या आकारमानाचा. काट्यावरील दाबाला या १० ने गुणले की आतील ऑक्सिजन साधारण किती लिटर हे कळते. १०० गुणिले १०, म्हणजे १००० लिटर. मिनिटाला २ लिटर खर्च धरला, तर ५०० मिनिटे. आठ तास वीस मिनिटे. त्यांपैकी साडेसात तासांहून अधिक आम्ही वापरले होते. इतका साधा गुणाकार-भागाकार! दुकानात काट्यावर वजन केल्याशिवाय आपण पोत्याची पावती फाडत नाही. आणि घरातील श्वासाचा साठा किती आहे, हे मी दीड वर्षात एकदाही मोजले नव्हते. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याने सहा तास सांगितले ते पंख्या-दिव्यांसाठी. मी त्याला यंत्राविषयी विचारलेच नव्हते.

आज आपल्या समाजात घरोघरी अशी उपकरणे आली आहेत. कोठे कॉन्सन्ट्रेटर, कोठे झोपेत वापरायचे सीपॅप किंवा बायपॅप, कोठे कफ ओढून काढणारे सक्शन यंत्र, कोठे अंथरुणाला खिळलेल्या आजींसाठी हवेची गादी. आणि वीज जाण्यासाठी पूरच यावा लागतो असे नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड जिल्ह्यातील कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला, सकाळी दहाच्या सुमारास, साक्षात मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली. काही उपनगरांना संध्याकाळपर्यंत वाट पाहावी लागली. "आमच्याकडे वीज जातच नाही" असे म्हणणाऱ्या मुलुंडच्या मावशींनी दुसऱ्याच दिवशी मला फोन करून विचारले, "कोणता इन्व्हर्टर घेऊ?"

हा प्रश्न प्रथम विचारण्याचा नव्हे. आधी विचारावे, की हे उपकरण किती वेळ बंद राहिले तर चालेल? हे डॉक्टरांनाच विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे. सर्वांना एकच उत्तर लागू होत नाही. झोपेतील घोरण्याच्या विकारासाठी सीपॅप वापरणाऱ्या बहुतेक व्यक्तींची एखादी रात्र यंत्राविना गेली तर त्रास होतो, पण संकट ओढवत नाही. ज्यांचा श्वासच व्हेंटिलेटरवर अवलंबून आहे, त्यांच्याबाबतीत मात्र मिनिटांचा प्रश्न असतो. तेथे यंत्राची स्वतःची अंतर्गत बॅटरी, हाताने दाबून श्वास देण्याची अंबू बॅग आणि ती वापरण्याचे शिक्षण घेतलेली दोन माणसे, एवढे घरात हवेच. नेब्युलायझर दिवसातून दोन-तीनदा, काही मिनिटेच लागतो. त्याऐवजी स्पेसर लावलेला पंप चालेल का, हे डॉक्टर आधीच सांगून ठेवतील. सक्शनसाठी पायाने दाबायचे यंत्र मिळते. हवेच्या गादीचा पंप तर रात्रीच्या छोट्या दिव्याइतकीच वीज घेतो, त्यामुळे तो खुशाल इन्व्हर्टरवर ठेवावा. आणि तोही थांबला तर दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे आपल्या हाती आहेच.

इन्सुलिनसाठी फ्रिज इन्व्हर्टरवर घेण्याचा आग्रह अनेक घरांत असतो. फ्रिज सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो आणि लहान इन्व्हर्टर तेथेच मान टाकतो. वापरात असलेली इन्सुलिनची कुपी किंवा पेन बहुधा चार आठवडे फ्रिजबाहेरही चालते; आपल्या प्रकाराला किती दिवस आणि किती तापमान चालते ते आतील कागदावर छापलेले असते. न उघडलेल्या कुप्यांसाठी वीज नसताना ओल्या वाळूत ठेवलेले मातीचे मडके पुष्कळ काम करते. कुपी पाण्यात न बुडता कोरडी राहील आणि बर्फाला थेट टेकणार नाही एवढे पाहावे, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

खरा प्रश्न उरतो तो कॉन्सन्ट्रेटरचा, कारण तो पुष्कळ वीज खातो आणि अखंड चालतो. ५ लिटरचे यंत्र साधारणपणे ३०० ते ४०० वॉट घेते. १० लिटरचे त्याच्या दीडपट ते दुप्पट. नेमका आकडा यंत्राच्या मागील पट्टीवर असतो. पुष्कळांची समजूत असते, की प्रवाह ५ वरून १ लिटरवर आणला की वीजही पाचव्या हिश्शाने लागेल. घरगुती स्थिर यंत्रात तसे होत नाही. आतील कॉम्प्रेसर जवळजवळ त्याच जोराने चालत राहतो.

आता बॅटरीकडे वळू. घरगुती इन्व्हर्टरला बहुधा १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी असते. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-तास. ३५० वॉटच्या यंत्राने भागले तर पाच तासांहून अधिक येतात आणि विक्रेता हाच आकडा सांगतो. परंतु हे १५० अँपिअर-तास बॅटरीतून २० तासांत, सावकाश काढले तर मिळतात. कॉन्सन्ट्रेटर बॅटरीतून ताशी सुमारे ३५ अँपिअर ओढतो. इतक्या वेगाने उपसले की विहिरीला पाणी कमीच लागते. शिवाय इन्व्हर्टर स्वतःच वाटेत काही वीज गिळतो आणि बॅटरी पूर्ण रिकामी करणे तिच्या प्रकृतीला मानवत नाही. म्हणून मी निम्म्याचा नियम पाळतो : छापील वॉट-तासांचे निम्मे धरावेत आणि मगच भागाकार करावा. १८०० चे निम्मे ९००; भागिले ३५०; अडीच तास. नवी, उत्तम बॅटरी याहून थोडे जास्त देईल. ती अधिकची मिळकत समजावी, भांडवल नव्हे. आणि बॅटरी तीन-चार वर्षांची झाली की हे अडीच तासही राहत नाहीत. आमच्या त्या रात्रीच्या सव्वा तासाचे कोडे येथे उलगडते : जुनी बॅटरी आणि तिच्यावर पंखे, दिवे, बातम्या.

दोन बॅटऱ्यांचा, २४ व्होल्टचा इन्व्हर्टर घेतला तर प्रत्येक बॅटरीवरील ताण निम्मा होतो आणि वेळ दुपटीहून किंचित जास्तच मिळतो. ज्या घरात अखंड ऑक्सिजन आहे, तेथे जागा आणि ऐपत असल्यास हाच मार्ग मला योग्य वाटतो. मात्र एक बाब विक्रेते आपणहून सांगत नाहीत. रिकामी झालेली बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात. सकाळी तीन तास वीज गेली, दुपारी दोन तास आली आणि पुन्हा गेली, तर दुसऱ्या खेपेला हाती फारच थोडे उरते. पावसाळ्यात वीज अशीच येत-जात असते.

इन्व्हर्टर घेताना तो शुद्ध साइन वेव्हचा आहे ना, हे पावतीवर लिहून घ्यावे. स्वस्त चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर दिवे लागतात, पंखा थोडा गुणगुणतो, पण कॉन्सन्ट्रेटरची मोटर तापते आणि यंत्र अडते. यंत्र ३५० वॉटचे असले तरी सुरू होतानाचा झटका सोसायला इन्व्हर्टर निदान दुप्पट क्षमतेचा असावा. वायरमनकडून त्याची एक स्वतंत्र लाइन ओढून घ्यावी आणि त्यावर उपकरणाचा एकच सॉकेट, एक दिवा, बस्स. आमच्या घरी त्या सॉकेटला लाल रंग दिला आहे. पाहुण्यांना मोबाइल लावायलाही तेथे मज्जाव आहे, आणि आमचे जावई अजून त्यावरून चिडवतात.

दुकानातील संगणकाचा यूपीएस घरी आणून काम भागेल, अशी कल्पना आपल्या व्यापारी डोक्यात सहज येते. त्यातील बॅटरी बहुधा ७ अँपिअर-तासांची, म्हणजे १२ ने गुणून जेमतेम ८४ वॉट-तास असते. निम्म्याच्या नियमाने कॉन्सन्ट्रेटर त्यावर सात मिनिटे चालेल, तेही लहान यूपीएसने तो भार मुळात उचलला तर. सीपॅप मात्र वेगळा. त्याचे पाणी तापवणारे भांडे बंद ठेवले तर बरीच यंत्रे ३०-४० वॉटमध्ये चालतात. निर्मात्याने दिलेल्या वायरने ती थेट बॅटरीवरही लावता येतात आणि अख्खी रात्र निघते. मुलुंडच्या मावशींना त्यासाठी मोठा इन्व्हर्टर लागलाच नाही.

अलीकडे लिथियम बॅटरीच्या, हातात धरून नेता येणाऱ्या पेट्या आल्या आहेत. १००० वॉट-तासांची पेटी कॉन्सन्ट्रेटरला दोन ते अडीच तास देते. बॅटरीत पाणी घालणे नाही, आम्लाची वाफ नाही. त्या महाग आहेत हे खरे. पण नदीकाठच्या गावांत मी त्यांचा कैवार घेईन, कारण जिन्याखालची दोन मणांची बॅटरी ट्रॉलीत चढवता येत नाही, ही पेटी चढवता येते.

जनरेटरविषयी थोडक्यात, परंतु ठामपणे सांगायचे आहे. पेट्रोल किंवा डिझेलचा जनरेटर घरात, जिन्यात, गॅलरीत, बंद अंगणात कदापि लावू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि तो झोपेतच घात करतो. फुप्फुसे आधीच दुबळी असलेल्या माणसाला तर तो अधिकच लवकर गाठेल. इमारतीचा सामाईक जनरेटर असल्यास त्यावर काय काय आहे ते एकदा सचिवांना विचारावे. बहुतेक ठिकाणी लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे एवढेच असते. रुग्णाच्या घरी त्यावरून एक लाइन द्यावी, असा अर्ज सभेपुढे ठेवायला संकोच वाटू नये.

आणि एवढे सगळे करूनही बॅटरी कधीतरी संपणारच. म्हणून ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाच्या घरातील शेवटची सोय अशी असावी, जिला विजेची गरजच नाही. ती म्हणजे भरलेला सिलिंडर. इन्व्हर्टर पाच तासांचा घ्यावा की आठ, यावर आपण महिनाभर घासाघीस करतो आणि सिलिंडर अर्धा रिकामा राहतो. १५० च्या दाबाने भरलेला बी टाइप सिलिंडर १५०० लिटर देतो. २ लिटरच्या प्रवाहाला साडेबारा तास. मोठा, डी टाइपचा सुमारे ७००० लिटरचा असतो आणि त्याच प्रवाहाला दोन दिवसांहून अधिक पुरतो. तो जड असतो, भिंतीला साखळीने बांधून उभा ठेवावा लागतो, पण ज्या भागात पुराने वाटा बंद होतात तेथे त्याला पर्याय नाही. घाबरून प्रवाह वाढवू नये. काही फुप्फुसविकारांत अधिक ऑक्सिजन अपायकारक ठरतो, आणि साठाही लवकर संपतो.

सिलिंडरजवळ देवघरातील दीप, अगरबत्ती, धूप, मेणबत्ती काहीही नको. आजारी माणसाच्या खोलीतच दर्शन-पूजेची सोय केलेली मी अनेक घरांत पाहिली आहे. भावना समजते, परंतु ऑक्सिजन चालू असताना ज्योत दुसऱ्या खोलीतच हवी. रेग्युलेटर लावणाऱ्याच्या हाताला खोबरेल तेल किंवा वंगणही नसावे. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेऊ शकते.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्या कितीतरी मंडळांनी आणि ट्रस्टांनी कॉन्सन्ट्रेटर घेतले. आज ते रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांतून अल्प अनामतीवर घरोघरी जातात. या सेवेचे मोल मोठे आहे. तरीही दोन सूचना कराव्याशा वाटतात. एक, कपाटात वर्ष-दोन वर्षे पडून राहिलेले यंत्र घरघरते, हवाही येते, पण त्यात ऑक्सिजन पुरेसा असतोच असे नाही. चांगले यंत्र ९० टक्क्यांच्या वर शुद्धता देते. ती मोजणारे लहान उपकरण केंद्राने ठेवावे आणि यंत्र देताना आकडा कार्डावर लिहून द्यावा. दुसरी, यंत्रासोबत भरलेला सिलिंडर, रेग्युलेटर आणि चावी असा संचच द्यावा. एकट्या कॉन्सन्ट्रेटरवर घरी ऑक्सिजन देणे मला अपुरे वाटते.

महावितरणकडे आपला मोबाइल क्रमांक नोंदवलेला असला तर नियोजित बंदची सूचना संदेशाने येते. तक्रारीचा क्रमांक १९१२. या दोन्ही गोष्टी पाच मिनिटांच्या आहेत. थोडा अधिक वेळ लागतो तो परीक्षेला. आम्ही दर तीन महिन्यांनी, रविवारी सकाळी दहा वाजता, घरात सर्व जण असताना मेन स्विच बंद करीत असू. कॉन्सन्ट्रेटर इन्व्हर्टरवर चालवायचा, घड्याळ लावायचे, आणि शिट्टी कधी वाजते ते वहीत लिहायचे. मग घरातील एकेकाने सिलिंडर उघडून प्रवाह २ वर आणून दाखवायचा. नातीला पहिल्यांदा सहा मिनिटे लागली, नंतर दीड. आप्पा पलंगावरून परीक्षकासारखे पाहत आणि कोणी चुकले की बोट वर करीत.

वहीतील पहिली नोंद, नव्या दोन बॅटऱ्यांची, पाच तास चाळीस मिनिटे अशी आहे. दोन वर्षांनी तीच चार तास पाच मिनिटांवर आली. जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढली तेव्हा आम्ही पाणी गावभागात येण्याआधीच, दिवसाउजेडी, विश्रामबागेत गेलो होतो. त्या खेपेस सिलिंडरचा काटा १४० वर होता आणि तो किती तासांचा, हे आप्पांनी स्वतःच तोंडी सांगितले.

पुढच्या वर्षी थंडीत आप्पा गेले. घरीच, शांतपणे, वीज असताना. महिन्याभराने कॉन्सन्ट्रेटर, लिथियमची पेटी आणि दोन्ही सिलिंडर मी आपल्या साहित्य केंद्राला देऊन आलो. तेथील कार्यकर्त्याने सिलिंडरच्या मानेला सुतळीने बांधलेली चावी पाहिली आणि ती सोडवून खणात ठेवू लागला. मी म्हटले, ती तशीच राहू द्या.